मुलाखती उतरवायला आणि कोडिंग करायला कुठलं सॉफ्टवेअर? (बडोद्याची मराठी)

सुरसागर, बडोदे
मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

मी बडोद्यात पीएच.डी. करते. विषय आहे बडोद्यातल्या मराठी घरांमधली भाषा. आजी, मुलगी किंवा सून, आणि नातवंडं, अशा तीन पिढ्यांशी बोलायचं आणि घरात कोण कोणाशी काय बोलतं ते समजून घ्यायचं. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा आणि वाडी या भागांत मिळून ३१ मुलाखती झाल्या आहेत. साधारण ३८ तासांचं रेकॉर्डिंग आहे. काही आज्यांच्या आया सयाजीराव महाराजांच्या राज्यात मराठी शाळेत शिकलेल्या. राज्यभर प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सक्तीचं झालं, त्याच्या आठवणी या घरांत अजून सांगितल्या जातात. सांगायचं एवढंच की हे रेकॉर्डिंग पुन्हा मिळणारं नाही. यातल्या दोन आज्या आता नाहीत.

आता अडचण. ३८ तास हाताने टाइप करायचे तर वर्ष जाईल, म्हणून एका ऑनलाइन सेवेत एक फाइल टाकून पाहिली. ८२ वर्षांच्या आजी म्हणतात: "आम्ही पोळात राहायचो ने, संध्याकाळी ओटल्यावर बसायचो. एटले काय, घरात कोणी नसायचंच."

सेवेने दिलं: "आम्ही पोळीत राहायचो. संध्याकाळी ओट्यावर बसायचो. इथले काय घरात कोणी नसायचंच."

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ म्हणजे एका वेशीच्या आतली वस्ती. ओटला म्हणजे आपला ओटा, पण आजी ओटलाच म्हणतात. एटले हे गुजरातीतलं 'म्हणजे'. वाक्याच्या शेवटचं 'ने' हे आपल्या 'ना'च्या जागी येतं. दोन ओळींत चार ठिकाणी गुजराती होती आणि चारही पुसली गेली. वाचायला मराठी ठीकठाक वाटते, आणि भीती नेमकी त्याचीच वाटते. ज्याच्यावर माझा अभ्यास आहे तेच सॉफ्टवेअरने दुरुस्त करून टाकलं.

दुसरी फाइल तर आख्खी गुजराती लिपीत आली.

तर प्रश्न असे. मशीनकडून उतरवून घेण्यात अर्थ आहे का? घ्यायचं तर कुठल्या? आणि पुढे कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या तुकड्यांना विषयांच्या खुणा लावायला, काय वापरावं? मार्गदर्शक एन्व्हिवो म्हणतात, पण त्याचा खर्च मला झेपणारा नाही. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही.


वाडीवाला, बडोदे
मंगळवार, रात्री ११.२५

ताई, आधी ती फाइल ऑनलाइन टाकणं थांबवा. त्याबद्दल कोणीतरी जाणकार लिहीलच, मी यंत्राचं सांगतो.

तुम्ही कुठली सेवा वापरलीत ते माहीत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. व्हिस्पर हे आवाज ऐकून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर कसं चालतं ते सांगतो, कारण ते मी स्वतः घरच्या मशीनवर चालवतो. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये ते खुलं केलं. एकदा डाउनलोड करून घेतलं की इंटरनेट बंद करूनही चालतं. ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर ते शिकवलेलं आहे, पण त्यात इंग्रजीचा वाटा सगळ्यात मोठा, मराठी-गुजरातीचा अगदी किरकोळ. म्हणून मराठीत त्याच्याकडून इंग्रजीसारखी अपेक्षा ठेवू नये.

भाषा तुम्ही सांगितली नाही तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ठरवतं, आणि मग पूर्ण फाइल त्याच भाषेची समजून लिहितं. तुमची गुजराती लिपीत आलेली फाइल कशी सुरू होते ते ऐकून बघा. कोणी दारात गुजरातीत बोलतंय का? व्हिस्परमध्ये भाषा 'मराठी' अशी आपण ठरवून देता येते, ती नेहमी द्यावी. हिंदी समजून लिहिलं तर सगळे 'ळ' जातात ते वेगळंच.

दुसरं, शांततेची काळजी घ्या. आजी विचार करत थांबल्या, फक्त पंखा चालू आहे, अशा जागी व्हिस्पर कधीकधी कोणीच न बोललेलं वाक्य लिहून मोकळं होतं, किंवा आधीचंच वाक्य पाच वेळा लिहितं. यावर उपाय म्हणजे आवाज नसलेला भाग आधी गाळून टाकणारी सोय. फास्टर-व्हिस्पर या व्हिस्परच्या वेगवान रूपात ती आहे, चालू ठेवा. तुमच्या ८ जीबीवर त्यातलं 'मीडियम' मॉडेल चालेल, पण हळू. एका तासाच्या मुलाखतीला मशीन दोन-अडीच तासही घेईल. रात्री लावून झोपायचं.

सुरुवातीला सूचना म्हणून थोडे शब्द देता येतात: पोळ, ओटला, एटले. त्याने थोडा फरक पडतो, पण त्या सूचनेला जागा कमी असते, देवनागरी अक्षरं ती पटकन भरून टाकतात, आणि लांब फाइलमध्ये असर पुढे पुढे ओसरतो. त्यावर विसंबू नका.

कोण बोलतंय हे व्हिस्पर सांगत नाही. त्यासाठी वेगळं जोडावं लागतं. नोस्क्राइब नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात व्हिस्पर आणि आवाज वेगळे करणारं पायॅनोट दोन्ही एकत्र बसवलेलं आहे, आणि ते खास मुलाखतींसाठीच केलेलं आहे. कमांड लिहायची सवय नसेल तर तिथून सुरुवात करा.


सुरसागर
मंगळवार, रात्री ११.५२

वाडीवाला, आत्ता ऐकलं. सुरुवातीला आजी दूधवाल्याशी हिशेब करतायत. पहिलं मिनिटभर अस्खलित गुजराती! तुमचे आभार.


निवृत्त लघुलेखक, बडोदे
बुधवार, सकाळी ६.१५

बेटा, मी मराठी आणि गुजराती दोन्हींत ३० वर्षं लघुलेखन केलं. निवृत्तीनंतर बरीच वर्षं संशोधक मंडळींच्या कॅसेटी टाइप करून दिल्या. पायाच्या पेडलने टेप मागे घ्यायची, हात कळांवरून उचलायचे नाहीत. आता कॉम्प्युटरलाही तसं पेडल लागतं आणि एक्स्प्रेस स्क्राइबसारख्या सॉफ्टवेअरशी ते जोडता येतं. ज्याला हे काम महिनोन्महिने करायचंय त्याने पेडलवर पैसे खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे.

अंदाज असा धर. स्वच्छ आवाज, एकच माणूस, एकच भाषा असेल तर तासाभराच्या ध्वनिफितीला पाच ते सहा तास. दोन भाषा आणि मध्येच बोलणारी सून असेल तर आठ. मशीन किती वेळ वाचवतं ते या आकड्याशी ताडून बघ.

माझा सल्ला विचारशील तर पहिल्या चार-पाच मुलाखती कुठल्याही मशीनला न देता स्वतः उतरव. वेग पाऊण करून ऐक. बाजूला एक वही ठेव. जो शब्द कसा लिहावा असा प्रश्न पडेल तो वहीत, पुढे तू काय ठरवलंस ते, आणि तारीख. 'ने' लिहिलं की 'ना'? 'बराबर' की 'बरोबर'? आजी 'मासी' म्हणाल्या, तू 'मावशी' लिहिलंस का? चार मुलाखतींत ही वही भरेल. मग मशीनचं लिहिलेलं तपासताना काय शोधायचं ते तुझ्या कानाला कळेल. आधी मशीन आणि मग कान असा क्रम ठेवलास, तर मशीनने लिहिलेलंच ऐकू यायला लागतं. डोळ्यासमोर 'इथले' दिसत असलं की कानाला 'एटले' ऐकू येत नाही, हा माझा अनुभव आहे.


रावपुरा टॉवर
बुधवार, सकाळी ९.०५

काकांना पूर्ण अनुमोदन. वाचनखूण साठवली.


लष्करकर, ग्वाल्हेर
बुधवार, दुपारी २.३०

काकांच्या प्रतिसादाला माझ्याकडून भर.

मी ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये थोडंफार असंच काम केलं आहे. आमच्याकडे हिंदीची सरमिसळ. "मला असं लागतं की तो येणार नाही" हे आमच्याकडे अगदी सहज कानावर पडतं. म्हणजे 'वाटतं'च्या जागी 'लागतं', हिंदीतल्या 'लगता है'वरून. माझ्या पहिल्या सहा मुलाखती मी हाताने उतरवल्या, कुठलंही मशीन नाही. वर्षभराने परत ऐकायला घेतल्या तेव्हा कळलं की मी जवळजवळ सगळीकडे 'वाटतं' लिहिलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत शिकलेलं मराठी बोटांतून आपोआप उतरलं होतं. त्या सहाही मी पुन्हा केल्या, आणि तेव्हा खूप रडू आलं होतं हे मोकळेपणाने सांगते. म्हणून ताई, दुरुस्ती फक्त सॉफ्टवेअर करतं असं समजू नकोस. तपासणीला दुसरा कान हवाच.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर तुझा विषय भाषा असल्यामुळे ईलान बघ. नेदरलंड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटने केलेलं आहे आणि मोफत आहे. त्यात आवाजाची लहर वर दिसते आणि खाली हव्या तितक्या पट्ट्या करता येतात. आजींचं बोलणं एका पट्टीवर, तुझं दुसऱ्या, आणि तिसऱ्या पट्टीवर फक्त खूण: हा तुकडा मराठी, हा गुजराती, हा हिंदी. प्रत्येक तुकडा वेळेला बांधलेला, त्यामुळे शब्दावर क्लिक केलं की आवाज लगेच ऐकू येतो. हे फार मोलाचं आहे. वर्डच्या फाइलमध्ये उतरवलं की आवाज आणि अक्षर यांची ताटातूट होते, आणि मग परत कोणी ऐकत नाही.

व्हिस्परकडून उपशीर्षकांच्या स्वरूपात, म्हणजे एसआरटी फाइल घेतलीस तर ती ईलानमध्ये आणता येते. सुरुवातीला पट्ट्या वगैरे किचकट वाटतात. एक आठवडा दे त्याला.

तुझा मूळ आवाज कशात आहे? फोनच्या एमपीथ्रीत की वेव्हमध्ये, जिथे आवाज दाबला जात नाही?


सुरसागर
बुधवार, रात्री ९.१०

फोनमध्येच केलं, एमफोरए. आता पुढच्या वेव्हमध्ये करीन.

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. वही आजच घातली. एक विचारायचं होतं: गुजराती शब्द देवनागरीत लिहावेत की गुजराती लिपीत?


निवृत्त लघुलेखक
गुरुवार, सकाळी ६.४०

देवनागरीत. लिपी बदललीस की हा शब्द गुजराती आहे असा निवाडा तू टाइप करतानाच देऊन बसतेस. 'पोळ' आजींच्या तोंडी गुजराती आहे की बडोद्याचं मराठी, हे तर तुला अभ्यासातून ठरवायचंय. भाषेची खूण लष्करकर ताई म्हणतात तशी वेगळ्या पट्टीवर ठेव, म्हणजे पुढे मत बदललं तरी मूळ ओळीला हात लागणार नाही.


राजवाडा चौक, इंदूर
गुरुवार, दुपारी १.२०

आता कोडिंगबद्दल. मी इंदूरला आरोग्याच्या प्रकल्पांत काम करतो, वर्षाकाठी ६०-७० मुलाखती हाताखालून जातात, निम्म्या मराठी आणि निम्म्या हिंदी.

एन्व्हिवो, अ‍ॅटलास.टीआय, मॅक्सक्यूडीए ही तीन मोठी नावं. तिन्ही जुनी आहेत. एन्व्हिवोचा पूर्वज १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात तयार झाला, बाकीची दोन बर्लिनची. तिन्ही चांगली आहेत आणि तिन्ही विकत घ्यावी लागतात. विद्यार्थ्यांना स्वस्त परवाना मिळतो, पण त्याची मुदत असते आणि पीएच.डी.ची मुदत कोणाला सांगता येते?

आमच्या एका प्रकल्पात (सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही) परवाना संपला आणि दोन वर्षांचं कोडिंग असलेली फाइल कोणाच्याच मशीनवर उघडेना. मजकूर होता, कोड आत अडकले. त्यानंतर मी एकच नियम धरला: आपलं काम बाहेर काढता येतं का ते पहिल्या दिवशी बघायचं. आरईएफआय-क्यूडीए नावाचं एक सामाईक स्वरूप आहे, २०१९ पासून, त्यात प्रकल्प एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतो. कितीही भारी सॉफ्टवेअर असो, दर महिन्याला त्या स्वरूपात एक प्रत काढून ठेवा.

ताईंसाठी माझा सल्ला क्वालकोडर. मोफत, खुलं, आणि मजकुराबरोबर थेट आवाजाच्या तुकड्यालाही कोड लावता येतो. सगळं आपल्याच लॅपटॉपवर. टॅगेट त्याहून सोपं, एका दुपारी शिकता येतं, पण त्यात फक्त मजकूर चालतो, आवाज नाही. तुमच्या कामाला आवाज हवाच, त्यामुळे टॅगेट नको.

आता मराठीची खास दुखणी, जी इंग्रजी माहितीपुस्तकात सापडत नाहीत.

शब्दांची वारंवारता मोजणारी सोय मराठीत जवळपास निरुपयोगी आहे. घर, घरात, घराला, घरातलं, घरचे हे तिच्या लेखी पाच वेगळे शब्द. शब्दांचे रंगीत ढग बनवून प्रबंधात लावू नका. शोध घेताना पूर्ण शब्द टाकू नका, 'ओटला' शोधलंत तर 'ओटल्यावर' सुटेल. 'ओटल' एवढंच टाका.

दुसरं दुखणं डोळ्याला दिसत नाही. 'दुसऱ्या', 'सुनेच्या माहेरच्या वाऱ्या', असे शब्द टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि त्याला एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत, म्हणून शोधात अर्धे शब्द येतात आणि अर्धे राहतात. मशीन एका पद्धतीने लिहितं, तुमचा कीबोर्ड दुसऱ्या. कोडिंग सुरू करायच्या आधी सगळ्या फाइलींत शोधा-बदला करून एकच पद्धत ठेवा. मला हे १४ मुलाखतींचं कोडिंग झाल्यावर लक्षात आलं.

आणि कोणी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा. युनिकोडच हवं.


पलासिया, इंदूर
गुरुवार, रात्री ८.४५

तांत्रिक सगळं छान चाललंय, पण संमतीचं राहिलं. ताई, तुमच्या संमतीपत्रात काय लिहिलंय? "रेकॉर्डिंग मी आणि माझे मार्गदर्शक ऐकतील" असं असेल, आणि बहुतेक ठिकाणी असंच असतं, तर ऑनलाइन सेवेला फाइल देणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात संशोधनासाठी काही सवलत आहे, पण आजींना आपण जे सांगून बसलो त्याला सवलत नाही. भाषिणी ही भारतीय भाषांसाठीची सरकारी योजना २०२२ साली तुमच्याच गुजरातेत, गांधीनगरला सुरू झाली. तिच्या सेवाही ऑनलाइन वापरल्या तर हाच प्रश्न येतो. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतची मॉडेलं मात्र डाउनलोड करून घेऊन घरच्या मशीनवर चालवता येतात, आणि ती भारतीय भाषांसाठीच बनवलेली आहेत. वाडीवाल्यांनी ती तुमच्या एका तुकड्यावर व्हिस्परशेजारी लावून बघावीत अशी विनंती.

दुसरं, नुसती नावं बदलून भागत नाही. दांडिया बाजारातला अमुक देवळासमोरचा वाडा, खाली चष्म्याचं दुकान, एवढं लिहिलं की बडोदेकर घर ओळखतो. आजींनी सुनेबद्दल जे सांगितलं ते सुनेने प्रबंधात वाचलं तर? वाड्याच्या खुणाही बदला. खरं नाव कुठलं आणि बदललेलं कुठलं ती यादी मुलाखतींच्या फोल्डरमध्ये ठेवू नका.


सुरसागर
गुरुवार, रात्री १०.३०

पलासिया ताई, संमतीपत्रात अगदी तुम्ही लिहिलंत तेच वाक्य आहे. दोन फाइली टाकून बसले होते. आज त्या सेवेवरून काढून टाकल्या, आणि उद्या दोन्ही घरी जाऊन सांगणार आहे. हे लिहितानाही वाईट वाटतंय.


सुरसागर
तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ५.००

सगळ्यांना सांगितल्याशिवाय धागा सोडवत नव्हता.

दोन्ही घरी जाऊन आले. एका आजींनी चहा देऊन विषय संपवला. दुसऱ्या घरी सून जरा नाराज झाली, ती फाइल मी वापरणार नाही असं कबूल करून आले.

पाच मुलाखती हाताने झाल्या. तासाला सात तास लागले, काकांचा हिशेब बरोबर निघाला. वहीत ११२ शब्द जमले. मग वाडीवाला घरी आले, आईसमोर बसून लॅपटॉपवर सगळं लावून दिलं. त्यांनी आवाज ऐकला नाही, मी हेडफोन लावून बसले होते. भाषा मराठी ठरवून, शांत जागा गाळून मीडियम चालवलं. मराठी तुकडे बरे येतात, गुजराती वाक्यं मोडतात, 'ने' जवळजवळ कधीच येत नाही. तरी ती फाइल ईलानमध्ये आणून दुरुस्त करायला तासाला साडेचार तास लागतात. नातवंडांच्या मुलाखतींना तीनच, कारण ती पोरं सरळ मराठी तरी बोलतात किंवा सरळ गुजराती. आज्यांच्या नऊ मुलाखती मात्र मशीनला देणार नाही असं ठरवलं आहे. त्या पूर्ण हातानेच. कोडिंग क्वालकोडरमध्ये, शोधा-बदला करून झालं आहे, दर महिन्याची प्रत कॅलेंडरमध्ये लिहिली आहे. मार्गदर्शकांनी मान्य केलं.

एक वाक्य अडलंय. ते नुसतं वाक्य इथे लिहायची आजींनी परवानगी दिली आहे. "रात्री नऊ वाजले की आमची खिडकी बंद. भाऊ उशिरा यायचा, मग आई मला उठवायची, जा, खिडकी उघडून ये." मशीनने खिडकी लिहिलं, मीही खिडकीच ऐकलं. पण खिडकीतून भाऊ घरात कसा येईल?


निवृत्त लघुलेखक
रविवार, सायंकाळी ५.४०

बेटा, ती खिडकी नाही, खडकी. पोळाच्या आत पाच-सात घरांचा एक चौक आणि त्याला मिळून एकच दरवाजा, त्याला इथे खडकी म्हणतात. रात्री तो दरवाजा आतून लावायचे. उशिरा येणाऱ्याला घरातल्या कोणीतरी खाली उतरून उघडून द्यावं लागायचं. पुन्हा ऐक, पहिल्या अक्षरावर.


सुरसागर
रविवार, रात्री ९.२०

ऐकलं. त्या मुलाखतीत चार ठिकाणी आहे, आणि चारही ठिकाणी खडकीच आहे. एके जागी "खडकीतल्या बायका" असं आहे, तिथे मी "खिडकीतल्या बायका" लिहून त्याला 'बाहेर न पडणं' असा कोड लावला होता. त्या तर शेजारणी होत्या, चौकात एकत्र पापड लाटत होत्या. कोड काढला. वहीत ११३ वा शब्द लिहिला.